उलटा हात

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची. घर पाहून मन प्रसन्न झालं हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी फक्त दोषच लिहिणार आहे. दुमजली, उंच छताचं, मागे मोकळं अंगण. वरच्या पुढच्या खोलीत ऊन थेट पलंगापर्यंत येतं. भाचीने घर घेतलं ते या उन्हासाठी, जावयाने घेतलं ते ऑफिस जवळ म्हणून, आणि वायरिंगकडे दोघांपैकी कोणी ढुंकूनही पाहिलं नाही हे पहिल्या बोर्डावरूनच कळलं. काळे गोल स्विच, लाकडी पट्ट्यांतून नेलेल्या तारा, चिनी मातीचे फ्यूज. सगळं माझ्याच वयाचं असावं, फक्त माझी देखभाल बरी झाली आहे.

जावयाला फोनवर सांगितलं की तपासायला दहा दिवस लागतील. त्याने विचारलं, "मावशी, दिवे लागतात ना सगळे?" दिवे लागतात म्हणून वायरिंग चांगलं, म्हणजे माणूस चालतो म्हणून त्याला डोकं आहे असं समजण्यापैकी झालं. विद्युत निरीक्षकाच्या कचेरीत चौतीस वर्षं काढून मी निवृत्त झाले, हा प्रश्न काही निवृत्त होत नाही.

पंधरा तारखेला ते सामान घेऊन येणार. तोवर घर सुरक्षित झालंच पाहिजे, कारण बरोबर त्यांची चिमणी असेल. अडीच वर्षांची आहे आणि जे दिसेल त्याला हात लावते.

मंगळवार, ४

बोर्ड उघडले. तारांवरचं रबर बिस्किटासारखं चुरा होऊन हातात येतं. अर्थिंग म्हणजे पाण्याच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली एक तार, आणि तो पाइप मध्यंतरी कोणीतरी काढून प्लास्टिकचा बसवला. म्हणजे कुठे गळती झाली, तर विजेला जमिनीत जायला वाट एकच : हात लावणारा माणूस. हे ज्याने केलं त्याला मी आमच्या शाळेतल्या नन्सच्या ताब्यात दिलं असतं. त्या पट्टी उभी धरून मारायच्या.

एक गोष्ट मात्र आवडली. प्रत्येक बोर्डाशेजारी, नळापाशी, खिडकीच्या गजांवर एक धुरकट खूण आहे, चार बोटांच्या मागच्या सांध्यांची. ही जुन्या वायरमनची सवय. धातूला आधी उलटा हात लावून बघायचं. शॉक बसला की हात आवळतो. उलटा असेल तर झटकन सुटतो, सरळ असेल तर मूठ बसते आणि मग ती सुटत नाही. कोणीतरी शहाणा माणूस इथे काम करून गेला आहे.

गुरुवार, ६

बोर्डांना नंबर घालायला काल सगळ्या भिंती ओल्या फडक्याने पुसल्या होत्या. आज सकाळी एक ते चार नंबरच्या बोर्डांशेजारी खुणा परत हजर. चार सांधे, अगदी स्पष्ट.

घरात माझ्याशिवाय एकच माणूस. खाली मागच्या खोलीत जुन्या मालकांच्या वेळचा राखणदार राहतो. त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्याने नुसते दोन्ही हात पुढे केले. संधिवाताने बोटं अशी वाकडी झालेली की त्यांची मूठही वळत नाही. मला माफी मागता येत नाही, म्हणून चहा विचारला.

चहा पिताना त्याने सांगितलं. वायरमन अकरा वर्षं या घरातलाच झाला होता. भारी सावध. खालून कोणी 'मेन बंद केली, लाव हात' असं म्हटल्याशिवाय सरळ हात कशाला म्हणून लावायचा नाही. एका सकाळी वरच्या मजल्यावर, मागच्या बोळात शिडीवर होता. मालकांनी वरची मेन बंद करून खालून आवाज दिला, आणि त्याने हात लावला. मालक खोटं बोलले नव्हते. पण घरात मीटर दोन, खालच्या मीटरची एक तार वर कुठून तरी शिरलेली, आणि हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कागदावर हृदयविकार लिहिलं. हृदय थांबतंच हो, ते कशाने थांबलं हे लिहायला यांची लेखणी अडते.

राखणदार म्हणाला, ती तार पुढे कोणी शोधलीच नाही बाई, म्हणून तो वायरमनच अजून शोधतो. मी त्याला बजावलं की गेलेल्या माणसाच्या नावावर भिंती घाण करू नका.

शनिवार, ८

दोन्ही मेन बंद केल्या, फ्यूज काढून पर्समध्ये ठेवले. वरच्या मजल्याची किल्ली माझ्या कमरेला. तरी पाच ते नऊ नंबरच्या बोर्डांवर खुणा आल्या. मी घातलेल्या नंबरांच्या क्रमाने.

दुपारी, लख्ख उजेडात, दहाव्या बोर्डाशी वाकले होते. अकरावा माझ्या मागे, चार पावलांवर. तिथे टक् असा आवाज झाला, सांधे लाकडावर टेकावेत तसा. वळले. कोणी नाही. भिंतीवर खूण होती, आणि ती अजून ओलसर होती.

घाबरले असं लिहिणार नाही. खाली जाऊन राखणदाराशेजारी बसले, एवढंच लिहिते.

मंगळवार, ११

दोन दिवस अंगणात माणसं लावून खड्डा खणला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं नियमाप्रमाणे. अर्थिंगचं मोजमाप दोन ओहम आलं. नोकरीत असते तर पाठ थोपटून घेतली असती.

आणि ती तार सापडली. बोळातल्या लाकडी पट्टीच्या आत, इतर तारांच्या खाली दडलेली. तपासायला फ्यूज बसवून खालचा मीटर क्षणभर सुरू केला तर तारेत विजेचा पूर्ण दाब. पुन्हा बंद करून, फ्यूज पर्समध्ये टाकून तार कापली, बारा फूट ओढून बाहेर काढली. बोटाएवढी जाड नाही. हिच्यापायी एक माणूस गेला, आणि कोणाला एक पट्टी उचकटायची तसदी घ्यावीशी वाटली नाही.

संताप, समाधान, दोन्ही एकदम दाटून आलं. रिकाम्या बोळात उभी राहून मी मोठ्याने म्हटलं, "सापडली. दोन्ही मेन बंद आहेत. लाव हात." चौतीस वर्षं वायरमन लोकांना हेच सांगत आले. फार हलकं वाटलं.

बुधवार, १२

सगळे बोर्ड स्वच्छ. उलट्या हाताची एकही खूण नाही.

फक्त बोळातल्या खिडकीच्या गजावर एक आहे. पंजाची. सरळ. पाचही बोटं गजाभोवती वळलेली. पुसली.

गुरुवार, १३

परत आली, आणि पुसली जात नाही. आता नळावर आहे, दाराच्या कडीवर आहे, शिडीच्या पायऱ्यांवर आहे. सगळ्या मुठी. नळाची तोटी पिळल्यासारखी वाकली आहे.

राखणदाराने विचारलं, तुम्ही काही बोललात का. सांगितलं. तो खालीच बसला. म्हणाला, मालकही हेच म्हणाले होते बाई, अगदी याच शब्दांत. दुपारी बोचकं घेऊन लेकीकडे निघून गेला. मलाही चला म्हणत होता.

भाचीला फोन केला, येऊ नका. जावयाने फोन घेतला. म्हणाला, अर्थिंग झालं ना मावशी, मग आता काय? फोन ठेवला. उद्या स्वतः जाऊन अडवते.

शुक्रवार, १४. सकाळ

जाण्याआधी बोळात जाऊन सांगितलं, हात काढ. तीनदा. हुकमाच्या आवाजात. मग विनवून.

आवळलेला हात सांगून सुटत नाही. हे मीच शिकवत आले आहे—

दुपार

जिन्याच्या वरच्या पायरीवर. पर्स आणि वही घेऊन निघाले होते. उजव्या मनगटाला कोणीतरी धरलं आहे. दिसत नाही. पाच बोटं मांसात रुतलेली दिसतात. थरथरतात, एकसारखी.

डाव्या हाताने लिहिते. दातखीळ बसली आहे. आवाज निघत नाही.

अशा वेळी चिकटलेल्याला शिवायचं नसतं. शिवणाराही चिकटतो. आधी मेन बंद करायची.

मेन बंद आहे. फ्यूज माझ्याच पर्समध्ये. आता काय बंद—

फाटक वाजलं. एक दिवस आधीच. जावई हसतो आहे. भाची विचारते, मावशी कुठे.

छोटी पावलं. जिन्यावर. आजी, आजी.

नको म्हणून मान हलवते. तिला तो खेळ वाटतो.

वही पुढे धरते. भाचीने वाचावं, तिने आधी वाचावं—

चिमणीला उचल. मला हात लावू नका. कोणीही मला हा