दोन ग्विलिम, एक तिकीट

१२ जानेवारी, मंगळवार

चिठ्ठ्या आल्या! दुपारी सेक्रेटरी बेननने क्लबाच्या दारात उभं राहून ज्याच्या त्याच्या हातात ठेवल्या. निळा कागद, तळहाताएवढा. मार्चमध्ये कार्डिफला आपल्या देशाच्या संघाचा इंग्रजांशी रग्बीचा सामना. आमच्या क्लबाच्या वाट्याला तिकिटं नऊ, सभासद एकशे चाळीस. चिठ्ठीवर मोठ्या सुट्या अक्षरांत नाव लिहायचं, गुरुवारी सहाच्या आत बारशेजारच्या पेटीत टाकायची. शुक्रवारी सोडत.

चाळीस वर्षं स्टेशनच्या खिडकीत बसून मी सगळ्या खोऱ्याला कार्डिफची रेल्वेची तिकिटं विकली. सामन्याच्या दिवशी गाडी गात जायची. परतताना एकतर गात यायची, नाहीतर चिडीचूप. मी आपला खिडकीत. मैदानात आत गेलो ते उभ्या आयुष्यात दोनदा. शेवटचं एकवीस वर्षांपूर्वी.

नाव लगेच लिहून टाकलं. ग्विलिम रीस. शाई वाळेपर्यंत शाळेतलं कवितांचं पुस्तक चाळत बसलो. पान एक्केचाळीस—नदीची कविता. ‘तू थांब डोंगरा, मी जाऊन येते.’ मिस हॅरिस म्हणायच्या, "कविता नुसती पाठ करू नका रे, पाठीवर घ्या. जन्मभर वाहायचीय." वाहतोय! चहा गार झाला. नेहमीचंच.

१४ जानेवारी, गुरुवार

दुपारी ग्विलिमकडे. तोही ग्विलिम रीसच. एका वर्गात एका नावाची दोन पोरं—मिस हॅरिसना काय ताप! पुढे गावानेच निकाल लावला. कोळशाच्या धुळीने छाती गेल्यावर खाणीने त्याला दिवे वाटायच्या खोलीत बसवला, तेव्हा तो ग्विलिम दिवा. मी कविता म्हणत फिरायचो, म्हणून ग्विलिम पद्य. थडग्यावरसुद्धा हेच कोरतील.

खिडकीजवळ बसला होता. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र घरघरतंय. चार शब्द बोलला की थांबतो.

"पद्या, माझी चिठ्ठी... घेऊन जा. मेन्नाने लिहिलीय. माझा हात... नाचतो."

मेन्ना त्याची लेक. तिने सगळी तयारी करून ठेवलीय. "काका, गाडी सांगून ठेवलीय. चाकाची खुर्ची, लहान सिलिंडर. डॉक्टर म्हणाले, न्या. आता आणखी काय व्हायचं राहिलंय?"

"टीव्हीवर दिसेल की रे," मी म्हटलं.

"दिसेल. राष्ट्रगीत ऐकूही येईल. पण टीव्हीवरचं छातीत... शिरत नाही. माझ्या छातीत आता काहीच शिरत नाही, पद्या. तेवढं एकदा शिरू दे. मग खुशाल—" हाताने त्याने वर दाखवलं. मग म्हणाला, "अकरा वर्षं नाव निघालं नाही. यंदा नाही निघालं तर बेननला सांग, मेल्यावर त्याच्या बारमध्ये येऊन... फुकट पिईन."

"आत्ता काय विकत पितोस?"

हसला. हसण्याचा खोकला झाला. मेन्नाने मला डोळ्यांनी दटावलं.

तिथून क्लबापर्यंत चढ. वाटेत खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीची जुनी टेकडी. आता तिच्यावर गवत, मेंढ्या. नदीची कविता म्हणत चाललो आणि तिसऱ्या कडव्याला अडलो. दहा वर्षांचा असताना स्पर्धेच्या मंचावर इथेच अडलो होतो. अख्खी सभा गप्प. मागच्या बाकावरून दिव्याने खुसफुसत ओळ पुरवली—"आणि परतेन तेव्हा..." त्याला कविता येत नव्हती. माझी ऐकून ऐकून झाली होती! बक्षीस मला मिळालं.

क्लबाशी पोचलो तर बेनन ओरडतोय, "पद्या, पाय उचल! कुलूप लावतोय!" धावलो—या वयात! खिशातून काढलं, फटीतून ढकललं. बेननने कुलूप घातलं. काम झालं.

१५ जानेवारी, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

खाणीतलं जुनं हेल्मेट, त्यात चिठ्ठ्या. बेनन काढतो, वाचतो. नववं नाव वाचलं की उरलेल्या सगळ्या शेगडीत. नंतर कुणी उकरून भांडू नये म्हणून वडिलांच्या काळापासूनची रीत. एल्फेड खाटीक शेगडीपाशी टपूनच असतो.

आठ नावं झाली. नववी चिठ्ठी. "ग्विलिम रीस."

एल्फेडने हेल्मेट उपडं केलं. भकदिशी जाळ. आणि मग कुणीतरी विचारलं, "दिव्या की पद्या?"

हशा! बेनन चिडला. "दर वर्षी घसा फोडून सांगतो, तुम्ही दोघं टोपणनाव लिहीत जा! आणि एल्फेड, तुला कसली एवढी घाई होती?"

"थंडी," एल्फेड म्हणाला.

"दोघांच्याही टाकल्या होत्या?"

"हो," मी म्हटलं. "दोन्ही मीच टाकल्या."

"मग एक जळली. ही बघ. अक्षर कुणाचं?"

एल्फेड मध्येच, "दिव्या काय करणार तिकिटाचं? खुर्चीवर सिलिंडर बसवणार?" कुणी हसलं, कुणी त्याला गप्प केलं.

मी चिठ्ठी हातात घेतली. मोठी सुटी अक्षरं. सरळ. माझी सरळ असतात. मेन्नाचीही सरळ असतात. सुट्या अक्षरांना आई-बाप नसतात. ‘ग’ची दांडी जरा खाली आल्यासारखी वाटली—माझी येते. येते ना? तीस माणसं बघत होती.

"माझं," मी म्हटलं.

एकच शब्द, पण खणखणीत. मिस हॅरिस खूश झाल्या असत्या. बेननने चिठ्ठी घेतली, वहीत टीप केली, चिठ्ठी शेगडीत टाकली. पाठीवर थापा पडल्या.

१६ जानेवारी

दिव्याकडे गेलो नाही. सर्दी आहे असा निरोप धाडला. सर्दी नाही.

१७ जानेवारी, रविवार

चर्चमधून परस्पर गेलो. तो वाटच बघत होता.

"निघालं?"

"नाही."

यंत्राकडे बघत राहिला. "आणि तुझं?"

"नाही."

का बोललो असं? या गावात खाटकाकडून खोऱ्याच्या टोकापर्यंत बातमी जायला एक तास लागतो. मला ठाऊक होतं. तरी बोललो.

२० जानेवारी, बुधवार

मेन्ना आली. मनुका घातलेल्या गोड चकत्या आणल्या होत्या. अजून ऊन होत्या. बशी टेबलावर ठेवली, कोट काढला नाही.

"एल्फेडने सांगितलं. मी बाबांना सांगितलं. काका, खोटं कशाला बोललात?"

"त्याला वाईट वाटेल म्हणून."

"त्यांना खोट्याचं वाटलं. तुमचं नाव निघालं याचा त्यांना आनंदच झाला." मग म्हणाली, "मी काही मागायला आले नाही हं. फक्त विचारते. ती चिठ्ठी तुमचीच होती ना? बाबांची मी लिहिली होती, मी ओळखली असती."

"माझीच."

"नक्की?"

"नक्की, बाळ."

"मग झालं." बशी नंतर पाठवून द्या म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

३० जानेवारी

तिकीट आलं. बेनन स्वतः घेऊन आला. जाड कागद, लाल कडा. चहाच्या डब्यात ठेवलं. दिवसातून चार-पाचदा डबा उघडतो. हल्ली चहा जास्त होतो.

४ फेब्रुवारी, गुरुवार

तिकीट खिशात घालून दिव्याकडे गेलो. द्यायचं ठरवूनच गेलो होतो. खरंच.

त्याला आता पलंगावरच ठेवतात. चेहरा मेणासारखा. मी म्हटलं, "दिव्या, तूच जा. माझं तिकीट तू घे."

पण खिशातला हात खिशातच राहिला. त्याने खिशाकडे पाहिलं. लहानपणापासून तो माझे हात ओळखतो.

"हेल्मेटाला कळत नाही... कोण आजारी, कोण धडधाकट. तुझं नाव निघालं. माझं निघालं असतं ना... तर नळीसकट गेलो असतो. तुला विचारलंही नसतं."

"पण—"

"माझं असतं तर माझं. तुझं आहे, तर तुझं. दान नको मला. जा. आणि आल्यावर सगळं सांग." दम घेतला. "पण पद्यात नको. साध्या गद्यात सांग."

मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. येताना तिकीट कोटावरूनच चाचपत आलो.

२१ फेब्रुवारी, रविवार

दिव्या आज बोलला नाही. झोपला होता. मेन्नाने गाडीवाल्याला नको म्हणून कळवलंय. खुर्ची दाराशी तशीच, घडी न उलगडलेली.

१ मार्च, सोमवार

आपल्या देशाच्या संताचा दिवस. शाळेतली मुलं कोटाला कांद्याच्या पाती लावून गात गेली. एका मुलीने दिव्याच्या खिडकीखाली कविता म्हटली, गडगड, टांगा पळवल्यासारखी. आमच्या वेळी अशी म्हटली असती तर हातावर पट्टी बसली असती. दिव्याने डोळे उघडले. "अडली नाही... बघ," म्हणाला. माझ्याकडे बघून. आज एवढंच बोलला.

५ मार्च, शुक्रवार

डॉक्टर मेन्नाला बाहेर नेऊन बोलले. मी विचारलं नाही. उद्या सकाळी नऊ वीसची गाडी.

६ मार्च, शनिवार

खिडकीच्या अलीकडे उभा राहून तिकीट घेतलं. खिडकीतल्या पोरीने मान वर करूनही पाहिलं नाही. मीही चाळीस वर्षं पाहिलं नव्हतं.

गाडी गात गेली. मैदानात माझी जागा वरच्या बाजूला, खांबाआड नाही, सगळं हिरवंगार समोर. डावीकडे इंग्रज नवरा-बायको. सभ्य. त्यांनी मला सँडविच देऊ केलं.

मग राष्ट्रगीत. हजारो माणसं उठली. आवाज पायांतून वर आला, गुडघ्यांतून, पोटातून—दिवा म्हणायचा तसाच—छातीत शिरला. मी तोंड उघडलं. शब्द गेले. लहानपणापासून येणारं गीत—दुसऱ्या ओळीलाच गेलं! एवढी माणसं गात होती, पण मला ओळ पुरवणारं कुणी नव्हतं. तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. इंग्रज बाईने माझा दंड धरला. तिला वाटलं, म्हातारा गहिवरला.

सामना पाहिला. कोण कुठे पळालं सांगता यायचं नाही. आम्ही जिंकलो. परतीची गाडीही गात आली.

स्टेशनवर बेनन उभा होता. हातात टोपी. कुणाला न्यायला आलाय वाटलं. मलाच न्यायला आला होता.

दिवा मध्यंतराच्या आधीच गेला. मेन्नाने टीव्ही पलंगाजवळ ओढला होता. राष्ट्रगीत चालू असताना टीव्हीवर गर्दी दाखवत होते. तो म्हणाला, "पद्या दिसतो का बघ."

तेच शेवटचं.

८ मार्च, सोमवार

मेन्नाकडे. घर गच्च भरलेलं. सगळे दबक्या आवाजात, आणि हॅमची सँडविचेस. एल्फेड कोपऱ्यात उभा राहून रडत होता. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ते सिलिंडरचं बोललो होतो ना मी, पद्या..." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी! त्याच्या!

यंत्र परत नेलंय. ते बंद झाल्यावर घर केवढं शांत आहे हे कळलं.

मेन्ना म्हणाली, "काका, अंत्यविधी गुरुवारी अकराला. बाबा सांगून गेलेत—पद्याला नदीची कविता म्हणायला लाव, आणि तिसऱ्या कडव्याला त्याच्यावर लक्ष ठेव." हसली, रडली. मग हळूच म्हणाली, "माझ्या मनात मध्यंतरी वेडंवाकडं आलं होतं, काका. माफ करा."

"वेडे," मी म्हटलं.

१० मार्च, बुधवार

उद्यासाठी तिसरं कडवं पक्कं करावं म्हणून शाळेचं पुस्तक काढलं. जानेवारीपासून उघडलं नव्हतं.

पान एक्केचाळीस. खुणेला निळा कागद. मोठी सुटी अक्षरं, माझी शाई. ग्विलिम रीस.

त्या दिवशी पेटीत मी एकच चिठ्ठी टाकली होती.