काल बसवलेला कंडेन्सर

आबा, तीन दिवस झाले, माझी गाडी उस्मानपुऱ्यातल्या एका गॅरेजात उभी आहे. चालता चालता चौकात इंजिन एकाएकी बंद पडलं, ते पुन्हा सुरू झालं नाही. मेकॅनिकने काही न विचारता पेट्रोलचा पंप बदलला. गाडी दहा मिनिटं चालली आणि परत बंद. मी म्हटलं, आधी तुम्ही बसवलेला पंप तपासा. तो हसला. "मॅडम, नवा पार्ट कसा खराब निघंल?" मी घरी आले ती तुमच्यावर चिडूनच. त्याच्यावर नाही, तुमच्यावर, आणि तेही पंचेचाळीस वर्षांनी.

तुमच्या गॅरेजात पान्याला हात लावण्याआधी गाडी चालवणाऱ्याला एक प्रश्न विचारला जायचा: बंद पडली ती कशी? आचके देत, रडतखडत बंद पडली तर पेट्रोल बघायचं. दिवा विझावा तशी एकदम गेली तर करंट, म्हणजे ठिणगी देणारे भाग: वायरी, कॉइल, कंडेन्सर. आणि दोन्हीच्या आधी, शेवटचा हात कुठं लागला होता ते बघायचं. जेवताना तुम्ही माझी यावर उजळणी घ्यायचात आणि आई वैतागायची, "पोरीला भाकर तर खाऊ द्या. तिला काय मिस्त्री करायचंय?" मिस्त्री तुम्हाला करायचं नव्हतंच. मी एम.एस्सी. झाले त्या दिवशी तुम्ही ग्रीसचे हात अंगापासून दूर धरून नुसते माझ्याकडे बघत राहिलात.

पैठणच्या कॉलेजात फिजिक्सची एकच जागा होती. मुलाखत अकराला. लासूर स्टेशनच्या जिनिंगवाल्या शेठजींची अँबेसेडर तुम्ही आदल्या दिवशीच दुरुस्त केली होती. त्यांना पैठणला जायचं होतं. गाडी तुम्ही चालवणार, म्हणजे तिची चाचणीही होईल आणि मीही वेळेत पोचेन, असा तुमचा हिशोब.

चितेगाव मागे पडलंय. तुम्ही शेठजींना इंजिनाचा आवाज ऐकवताय, "बघा, कसं शिवण मशीनवानी चालतंय," आणि तेवढ्यात तो आवाजच नाहीसा होतो. एक आचका नाही. गाडी नुसती घरंगळत वडाखाली जाऊन थांबते. सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. मी खाली उतरून म्हणते, "आबा, एकदम गेली. करंट बघा. काल कंडेन्सर बदललाय ना, तोच असेल."

"कारबेटरमधी कचरा आला असंल."

"मग आचके दिले असते."

"कंडेन्सर नवा हाय. मी सोता बसवलाय."

शेठजी रुमालाने मान पुसत हसतात. "काय मिस्त्री, कॉलेजात आता गाड्याबी शिकवतेत का?"

तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "तू आत बस. साडी खराब व्हईल."

मी आत बसले. तुम्ही कार्बोरेटर उघडला, जेट फुंकलं, पेट्रोलची नळी तोंडाने ओढून थुंकलात, सगळं परत जोडलं. सेल्फ मारला, काही नाही. पुन्हा उघडला. ठिणगी पडते का बघायला मधली वायर काढून बॉडीजवळ धरायची, दोन मिनिटांचं काम. ठिणगी नाही हे शेठजींनाही दिसलं असतं. तुम्ही ती वायर धरली नाहीत. साडेबाराला तुम्ही आदल्या दिवशी काढून ठेवलेला, जुना पण चालता कंडेन्सर डिकीतून आणलात, माझ्याकडे पाठ करून बसवलात, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. पैठणला पोचलो तोवर एक वाजून गेला होता. कॉलेजच्या कारकुनाने सांगितलं, जागा भरली. घरी तुम्ही आईला म्हणालात, "गाडीनं दगा दिला." पुढे त्यावर एक शब्द नाही, मरेपर्यंत नाही.

पाच वर्षं मी शिकवण्या घेतल्या, मग इथल्या कॉलेजात लागले. स्टाफरूममध्ये, मुलांना, सुनेला, सगळ्यांना मी हेच सांगत आले की आमच्या आबांच्या हट्टापायी माझी पहिली नोकरी गेली. चिडायचा मला हक्क आहे असं मला अजूनही वाटतं. स्वतःचा नियम तुम्ही स्वतःच्या हाताला लावला नाहीत.

पण हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून लिहिते. मी गाडीत बसले होते तेव्हा पैठणच्या दोन एस.टी. आमच्या शेजारून गेल्या. पहिली सव्वादहाला. रिकामी होती, हात केला असता तर थांबली असती, आणि मी वेळेत पोचले असते. मी हात केला नाही. तुम्ही खिडकीशी येऊन, शेठजींच्या देखत, पोरीचं बरोबर होतं असं म्हणाल, याची मी वाट बघत होते.