उजव्या कानाचे सव्वीस दिवस

४ नोव्हें. १९७४, सोमवार
आज स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान करून घेतलं. दुपारी टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक बोर्डावर जरा शांत होतं. हेडसेटखाली घामाने उजवा कान खाजत होता. केसांतला आकडा काढला आणि घातला कानात. आम्ही सगळ्याच ऑपरेटर घालतो, त्यात काही वाटतही नाही. तेवढ्यात शेजारच्या शैलाकडे सांगलीचा दिवा लागला. कॉर्ड लावायला तिने माझ्यापुढून हात लांबवला आणि तिचं कोपर नेमकं माझ्या मनगटावर बसलं. डोळ्यांपुढे काजवे. आकड्याच्या टोकाला रक्त.
शैला रडायलाच लागली. वर मलाच म्हणते, "सांगायचं तरी की गं, आकडा आत हाय म्हणून." म्हणजे आता कान कोरायच्या आधी दवंडी पिटायची.
सुपरवायझरबाईंना काही बोलले नाही. वीस तारखेला मेडिकल. कान तपासतात म्हणे. त्यात नापास झाले तर पर्मनंट होणं राहिलं, दोन वर्षं टेंपररी काढली ती गेली पाण्यात. कान बसल्यासारखा झालाय. ऐकू येतं, पण भिंतीपलीकडून आल्यासारखं. पडदा फाटला असेल तर...

५ नोव्हें.
काल घरी आले तेव्हा लपवायचा विचार होता. पण सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. पाच मिनिटांत लसूण घालून कढवलेलं तेल वाटीत तयार. "पड आडवी, दोन थेंब सोडते. आमच्या घरात कान दुखला की ह्येच घालत्यात." मी नको म्हणाले तर चेहरा पडला. हे मधे पडले. "आई, आधी डॉक्टरला दाखवू या, मग बघू." वाटी तशीच झाकून ठेवली त्यांनी. रात्रभर स्वयंपाकघरात लसणीचा वास.
सकाळी महाद्वार रोडच्या कानाच्या डॉक्टरांकडे. कपाळावर आरसा लावून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "पडदा चांगला हाय. आतल्या कातडीला ओरखडा पडलाय, त्याच्यावर रक्त वाळलंय, म्हणून बसल्यागत वाटतंय."
तिथेच रडू आलं. आनंदाचं. डॉक्टर म्हणाले, "आता कशाला रडताय, रडायचं ते काल."
मग झापलं ते वेगळंच. कानाला आकडा, काडी, पेन्सिल काही दाखवायचं नाही. मळ आपोआप बाहेर येतो, बाहेर दिसेल तेवढाच ओल्या फडक्याने पुसायचा. सध्या पाणी नाही, तेल तर बिलकूल नाही. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेरच्या बाहेर ठेवायचा, आत कोंबायचा नाही. ठणका लागला, पू आला, ताप आला, कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी यायचं. हेडसेट डाव्या कानाला.

८ नोव्हें.
डाव्या कानाने काम म्हणजे डाव्या हाताने भाकरी थापण्यासारखं. कॉलचं तिकीट लिहायला आज दुप्पट वेळ. सुपरवायझरबाई मागे येऊन उभ्या. "आज डावीकडं का ओ?" म्हटलं, उजवीकडे गजरा चुरगळतो. गजरा नव्हताच डोक्यात. बाईंनी माझ्या केसांकडे बघितलं आणि पुढच्या बोर्डाकडे गेल्या. जीभ हासडून ठेवावीशी वाटली.
खाज सुरू. जखम भरून येतेय म्हणून खाजतं असं डॉ. म्हणाले होते. हाताची घडी घालून बसते. शैलाने आमच्या दोघींचे आकडे काढून पर्समध्ये टाकलेत. तिची वेणी दिवसभर सुटत होती, मला त्याचं बरं वाटलं. वाईट आहे मी.

११ नोव्हें.
डॉ.कडे. खपली निघत आलीय. "छान." एवढंच म्हणाले. ह्या माणसाच्या एका शब्दाने आठवडाभराची झोप परत दिली. पाणी मात्र अजून नको.

१३ नोव्हें.
पहिली अंघोळ. ह्याचीच भीती होती. सासूबाई दिवाळीला सगळ्यांना पाटावर बसवून स्वतः तेल लावतात, आणि शेवटी प्रत्येकाच्या कानात दोन-दोन थेंब. लग्न झाल्यापासून एकदा चुकलं नाही. आता सणाच्या दिवशी नाही कसं म्हणायचं. पाटावर बसले. त्यांचा हात कानापाशी आला. थांबला. मग कमरेची पिशवी सोडून त्यांनी कापसाचा बोळा काढला, व्हॅसलीन लावून आणलेला. "डॉक्टरनं बाहीरच ठेवायचा म्हटलंय न्हवं? हलू नगंस." पाणीही मानेखालीच घातलं.
डोळ्यांत उटणं गेलं असं सांगितलं. काही विश्वास बसला नाही त्यांचा.

२० नोव्हें.
मेडिकल. तिथल्या डॉक्टरांनी कानाशी घड्याळ धरलं, मग लांबून कुजबुजले. दोन्ही कानांनी सगळं सांगितलं. मग आत बघितलं. "उजव्या कानात काय झालं होतं?" पुन्हा गजऱ्याची गोष्ट सांगायची हिंमत नव्हती. आकडा म्हटलं, खरं तेच. त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं दिसलं नाही. बाहेर येईपर्यंत स्वतःला शंभर शिव्या घातल्या. ऐकू तर आलं होतं, मग कशाला बोललीस.
घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बरं केलंस. खोटं तुला जमत न्हाय, तोंडावर दिसतंय."

२९ नोव्हें.
पर्मनंटची ऑर्डर अजून नाही. शैलाची काल आली, पेढे वाटले तिने. मनापासून खाल्ले, एक जास्तच. ऑफिसात विचारलं, "बघू, येईल" एवढंच.
दुपारी नेसरीहून कॉल. लाइन इतकी बारीक की पुण्याच्या मुलाला बापाचा आवाजच पोचेना. अशा वेळी आम्हीच मधे बसून एकाचं दुसऱ्याला सांगतो. हेडसेट उजव्या कानाला घेतला, मुद्दाम. म्हाताऱ्याचं एकेक अक्षर आलं. तुला मुलगी झाली, मायलेकी बऱ्या, यायची घाई करू नको, डबा वेळेवर खा. सगळं पुढे सांगितलं. पलीकडे तो मुलगा हसतोय की रडतोय कळेना.
शेवटी म्हातारा म्हणाला, "बाई, त्येला पोचलं न्हवं समदं?"
पोचलं म्हणाले, सगळं पोचलं. मग तिकिटावर वेळ लिहिली आणि कॉर्ड काढली.