कोनाड्यातलं घड्याळ

ता. १८ नोव्हेंबर १९५७, आंजी

आज घड्याळ कोनाड्यातून काढलं. सुनेनं त्याच्यापुढं झेंडूचं फूल ठेवलं होतं, अन् कालपासून उदबत्ती. मले हासूच आवरेना. मागच्या साली नागपूरहून धम्म घेऊन आलो अन् याच कोनाड्यातले देव टोपल्यात भरून नदीवर नेले. आमच्या बुढ्यानंच नेले, माह्या नवऱ्यानं, सोताच्या डोक्यावर. होळीच्या आगंमागं बुढा गेला, तर पोरानं त्याचं घड्याळ तिथंच आणून बसवलं. देव गेले अन् घड्याळ आलं! आज फूल, उद्या नारळ फोडतीन.

किल्ली देली. सुरू झालं! होळीपासून मुकं होतं बिचारं. कानाले लावून बसली तर चुलीवरचं आंधण आटून गेलं.

घड्याळ विकाचं. चष्मा घ्याचा. ठरलं.

ता. १९

ना. ले सांगितलं. (ना. म्हणजे पोरगा, नामदेव. पूर्ण लिवाले लय जागा लागते. माझं अक्षर आता बोराएवढं झालं, बारीक काढलं तर मलेच वाचता येत नाई.)

म्हणे, "माय, बाबाच्या अंगठ्याचं घड्याळ हाय ते. विकाचं नाव कसं काढतं?"

खरं हाय. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनात बुढ्याचा उजवा अंगठा गेला. साहेबानं खिशातलं घड्याळ काढून देलं, साखळीसकट. गावभर नाव झालं, साहेबानं मान केला. मान! ज्याले अंगठा नाई त्याले किल्लीचं घड्याळ! डाव्या हातानं फिरवून पाह्यली, निसटे. मग मी फिरवाले लागली. रोज सकाळी, पयले किल्ली, मंग चूल. नवऱ्यासंग भांडण असलं तरी किल्ली चुकवली नाई. बुढा खिशात टाकून चावडीपर्यंत मिरवे.

मी ना. ले म्हटलं, "अंगठा त्याचा, किल्ली माझी. आता सांग घड्याळ कोणाचं?"

"चष्मा मी करून देतो. कापूस निघू दे."

"असे किती कापूस निघाले रे बापू."

जेवला नाई नीट. मी जेवली. वांग्याची भाजी चांगली झालती, भरपूर खाल्ली.

ता. २१

बायकांच्या वर्गात आज माझा नंबर होता वाचाचा. फळ्यावरचं फटफट वाचलं. पुस्तक हातात आलं का मुंग्याच मुंग्या. हात लांब करून करून किती करू, हात संपते. पोरी हासल्या. मीही हासली. घरी येताना नाई हासली.

या वयात अक्षर आलं, अन् डोळे म्हणतेत आम्ही चाललो. जाऊ देते काय मी?

ता. २३

धाकटे दीर आले, भाऊजी. ना. नंच बोलावले असतीन.

"वहिनी, घरातली वस्त घरात राहू द्या. मी घेतो. जावयाले देईन."

"जावई खिशात ठेवंल?"

"छे. पेटीत ठेवंल. लग्नकार्यात काढंल."

"रोज किल्ली देईल?"

भाऊजी म्हणे, "किल्ली देल्यानं घासते वहिनी. चांगली वस्त जपून ठेवा लागते."

म्हणजे एका कोनाड्यातून दुसऱ्या पेटीत. नाई म्हटलं. चहा पाजला, वाटे लावलं. जाता जाता ना. ले बोलले ते ऐकू आलं, "बुढीले शाळा चढली." डोळे गेले असतीन, कान नाई गेले! दारातून ओरडून सांगितलं, "हो चढली!"

ता. २७

वर्धा! सुनेले घेऊन सकाळच्या मोटारीनं. ना. ले सांगितलं नाई, म्हणजे मोटारीत बसल्यावर सांगितलं, खिडकीतून. सून लय हासली. माहेरच्या वाटेनं गेलो तं तिले आणखीनच आनंद.

पयले चष्मेवाला. त्यानं डोळ्यावर लोखंडाची चौकट चढवली अन् त्याच्यात एकेक काच घाले. हे दिसते का, हे दिसते का. नाई. थोडं. मंग एक काच घातली अन् अगं माय! त्यानं हातात देल्या पाटीवरचं सारं वाचलं, खालची बारीक ओळसुद्धा. मोठ्यानं वाचलं. दुकानातले लोक वळून पाहाले लागले. पाहू दे! मंग माझे हात पाह्यले. इतक्या सुरकुत्या कधी झाल्या? सुनेच्या लुगड्याले काठाशी उभी रेघ हाय पिवळी, मले आतापर्यंत सारं एकरंगी वाटे. तिले म्हटलं, "तू तं सुंदर हायेस व पोरी." ती लाजली.

काच काढून घेतली त्यानं. पुन्हा धुकं.

मंग घड्याळवाला. झाकण उघडून आत फुंकर मारली. म्हणे, "घेतो, लगेच पैसे देतो. चक्रं चांगली आहेत, दुसऱ्या घड्याळांना लावता येतील."

"म्हणजे हे मोडणार?"

"आजीबाई, जुन्या घड्याळाचा असाच भाव येतो."

पैसे तेवढेच, चष्म्याएवढे. सून माझ्याकडं पाहे. घेतले असते तर येतानाच डोळे घेऊन आली असती. पण घड्याळ त्याच्या हातात चालूच होतं. मी हात पुढं केला. देलं त्यानं.

मोटारीत सून म्हणे (ती मले मामीच म्हणते), "मामी, चूक केली काय आपण?"

मी म्हटलं, चिवडा काढ.

ता. ३०

आज काय झालं! शेजारची गंगू बाळंतीण, ताप उतरेना. दवाखान्याची नर्सबाई आली. लय चांगली बाई हाय, आमच्या वस्तीत येते, खाटेवर बसते, चहा पिते, तोंड वाकडं करत नाई. गंगूचं मनगट धरलं अन् म्हणे, "कुणाकडे घड्याळ आहे का? माझं विहिरीत पडलं." मी पळत आणलं.

"आजी, सेकंदाचा काटा आहे का याला?"

"बारका काटा हाय एक. लय घाईत राह्यते."

ती हासली. मंग एका हातात गंगूचं मनगट, एका हातात आमचं घड्याळ, अन् नजर त्या बारक्या काट्यावर. इतकी वर्षं किल्ली देली, मले वाटे तो बारका काटा बिनकामाचा, लेकरासारखा उगाच घिरट्या घालते!

गंगूले बरं हाय आता.

नर्सबाईले दारातच विचारलं, "घेता का?" ती दचकली. "विकायचंय तुम्हाला?" म्हटलं, हो. रोज किल्ली द्या लागंल, सकाळी, चुलीच्या आंधी. म्हणे, "आजी, मी चुलीच्या आधीच दवाखान्यात असते." म्हटलं, मंग दवाखान्याच्या आंधी.

पैसे चष्म्याएवढे देते. मले जास्त नकोच.

ता. १ डिसेंबर

ना. सोबत जोराचं भांडण.

"विकाचंच असंल तर नागपूरले विकून येतो मी. कोणाले समजणार नाई."

"समजू दे की."

"माय, रोज गावातून फिरंल ती बाई. तिच्याजवळ बाबाचं घड्याळ दिसंल. लोक काय म्हणतीन? पोराले चष्मा जमला नाई, बुढीनं नवऱ्याची निशाणी विकली."

तेव्हा समजलं त्याले कुठं दुखते. चष्मा नाई, लोक. मले वाईटबी वाटलं. मेहनती हाय पोरगं. पण मी दबली नाई. म्हटलं, "चोरी केली काय मी, नागपूरले जाऊन लपून विकाले? देव काढले तेव्हा रात्री काढले होते का? तुह्या बाबानं भर दिवसा, सगळ्या गावासमोरून, डोक्यावर टोपलं घेऊन नेले. लोक तेव्हाबी बोलले. घड्याळ इथंच विकीन, आंजीत, आंगणात. अन् चष्मा घालून त्याच लोकाइच्या दारावरून जाईन."

तो उठून गेला. सून भाकर थापत होती, जोरजोरात. माझ्याकडून होती का त्याच्याकडून, सांगता येत नाई.

ता. ३

कोनाडा रिकामा हाय. सून विचारे, आता तिथं काय ठेवाचं? म्हटलं चिमणी ठेव, उजेड तरी पडंल.

ना. बोलत नाई. बैलाइसंग बोलते, मले ऐकू जाईल असं.

ता. ५

आज नर्सबाई येणार, दुपारून, घड्याळ न्याले. सकाळी उठली तर उशाशी घड्याळ नाई! गेला घेऊन नागपूरले, वाटलं. बाहेर आली तर ना. ओट्यावर बसलेला, घड्याळ हातात.

मान खाली घालून म्हणे, "माय, किल्ली किती फिरवाची?"

त्यानं जन्मात कधी देली नव्हती. बाप होता तव्हा मी देत होती.

"फिरत राह्यते तवपर्यंत फिरव. अडली का सोड. जोर नको करू."

फिरवली त्यानं. मोठे हात हायेत त्याचे, बापासारखे, पण हळूच फिरवली. मी बाजूले बसली. चूल थंडीच होती, राहू देली.

म्हटलं, "आता काय करतं, देतं का ठेवतं?" मूठ बंद करून बसला. तोंड रागाचं होतं का रडवेलं, इतक्या जवळून मले दिसते कुठं. चष्मा आला का पाहीन.

नर्सबाई आली हाय. आंगणात खाटेवर बसली, पैसे पदरात बांधून आणले. सुनेनं चहा देला. शेजारपाजारचे कुंपणाशी जमले, जमू दे. ना. अजून ओट्यावरच, मूठ मिटून. मी आत येऊन हे लिवत बसली. मले घाई नाई. त्याच्या मुठीतलं चालू हाय, मले इथवर ऐकू येते.