रोशनीचा वन्समोर

भद्रावती,
२१ जानेवारी २०२५

प्रिय नूतन,

सप्रेम जयभीम. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. तुझा घसा बसला असेल, त्या दिवशी किती बोललीस!

चंद्रपूरचा 'नूतनपर्व' कार्यक्रम मनापासून आवडला, हे आधी लिहिते. चाळीस वर्षं बसवलेले तुझे नाच एका संध्याकाळी, तेही वाद्यवृंद समोर बसवून! झाडीपट्टीच्या नाटकांतली ती गाणी ऐकताना माझे ओठ आपोआप हलत होते. आणि सुरुवातीला आपल्या कॉन्व्हेंटचं गॅदरिंग दाखवलंस, पुठ्ठ्याचे पंख लावलेल्या देवदूत मुली. खऱ्या गॅदरिंगात सिस्टर पियानोवर काहीतरी संथ वाजवत होत्या आणि तू मागून मला चिमटा काढून म्हणाली होतीस, "कंबर हलव ना वं, देवदूतांले काय कंबर नसते?" शिक्षा मात्र मला झाली. ते आठवून मी हसले, मग डोळे पुसले.

त्यानंतर माझी रोशनी नाचायची ते गाणं आलं. तोच लाल परकर, तीच गिरकी, नाचणारी मुलगी नवी. छान नाचली ती, तिचा काही दोष नाही. निवेदक म्हणाला, "लग्न झालं आणि रोशनीताईंनी घुंगरू उतरवले. आज त्या संसारात रमल्या आहेत."

रोशनी माझ्या शेजारीच होती, काठी खुर्चीखाली सरकवून बसलेली. तिने टाळ्या वाजवल्या. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, जावई काय करते, विचार ना मावशीले. कोळसा खाणीत असन तर राहाले क्वार्टर भेटन."

मला हसता आलं नाही.

नूतन, माझ्या मुलीचं लग्न झालेलं नाही, हे तुला माहीत आहे. तिने घुंगरू का उतरवले, तेही माहीत आहे. नागभीडकडच्या त्या गावात शंकरपट होता, बैलांच्या शर्यतीला आलेल्या गर्दीने रात्री नाटकाचा मंडप भरलेला. नाचता नाचता स्टेजची फळी खचली आणि तिचा गुडघा पिरगळला. तरी पोरीने गाणं पुरं केलं. लोकांनी वन्समोर मागितला. विंगेत येऊन ती म्हणाली, "मावशी, पाय टेकत नाई." आणि तू म्हणालीस, "वन्समोर नाई देल्ला तर लोकं खुर्च्या फेकतीन. दे पोरी, एकच कडवं."

मी तिथेच होते, तिच्यासाठी पाणी घेऊन. झाडीपट्टीत वन्समोर नाकारत नाहीत, हे मलाही कळतं. पण लोकांपुढे जाऊन हात जोडायला तुझे पाय तर धड होते! पडदा पडला तेव्हा ती उभी नव्हती. दोन ऑपरेशनं झाली. तू भेटायला मोसंबी घेऊन आलीस, आणि त्या कडव्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस.

हेही गिळलं असतं मी. पण काल तुझा फोन आला. नागपूरच्या प्रयोगात रोशनीने तुला पुष्पगुच्छ द्यावा म्हणे. "पडदा उघडाच्या आधीच तिले खुर्चीवर बसवून ठेवू. चालाचं कामच नाई, कोणाले दिसनार नाई."

काय दिसणार नाही, नूतन? ती लंगडते. तिने चोरी केलेली नाही. काठी टेकत ती बाजारात जाते, खुर्चीत बसून कॉलनीतल्या मुलींना नाच शिकवते. सगळं भद्रावती पाहतं. लाज तुला स्वतःची वाटते आणि झाकतेस माझ्या मुलीला!

मी तिला म्हटलं, जाऊच नकोस. तिने ऐकलं नाही. "येतो म्हणाव मी," ती म्हणाली, "पण मागून, लोकायच्या मधून."

तर ती शेवटच्या रांगेपासून चालत येईल आणि समोरच्या पायऱ्या चढेल. वेळ लागेल. तेवढा वेळ वाद्यवृंद गप्प ठेव. निवेदकाच्या हातातून माइक घे आणि ती पोहोचेपर्यंत तुझ्या तोंडाने सांग, त्या दिवशी काय झालं होतं. नाही सांगितलंस तर गुच्छ तिच्याच हातात राहील. आणि एक. तिला धरायला पुढे येऊ नकोस.

पत्राखाली 'तुझीच' लिहायचं, हे आपलं शाळेपासूनचं. आज हात पुढे जात नाही. नागपूरला तू काय बोलतेस ते ऐकेन, मग पाहू.

संघप्रिया