रेडिएटर शून्यावर

सोफिया, ३ नोव्हेंबर २०००
आज शहराला ऊब पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन घरातल्या प्रत्येक रेडिएटरवर मीटर आणि एक गोल खटका बसवून गेला. खटक्यावर आकडे, शून्य ते पाच. उबेला आकडे! सरकार म्हणे यापुढे अनुदान देणार नाही. बाहेरच्या सावकारांनी अट घातलीय, ज्याने जेवढी ऊब घेतली त्याने तेवढे पैसे मोजायचे. अहो, मी जन्मभर दर समितीत होतो. उबेचा दर मी ठरवायचो. अकरा वर्षं एक स्तोतिन्का, एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. घर फार तापलं की लोक खिडक्या उघडायचे. याला म्हणतात सुबत्ता.
सगळे खटके शून्यावर केले. जुना दर परत येईस्तोवर हात लावणार नाही. हा माझा, मेतोदी गाजालोवचा शब्द आहे.

५ नोव्हेंबर
बायको, पावलिना, कटकट करते. जानेवारीत रालित्सा बाळंत होऊन चाळीस दिवस माहेरी यायचीय, ते लेकरू काय तुमच्या शब्दावर शेकायचं का, म्हणे. पावलिनाला अर्थशास्त्र कधीच कळलं नाही. नातवंड स्वाभिमानी घरात येणार. सरकार ख्रिसमसच्या आत नमतंय.

२० नोव्हेंबर
बाहेर बर्फ. आत मी बनियनवर! सगळी संकल्पशक्ती. सकाळी जोर-बैठका, वर थोडी राकिया, आपली फळांची दारू (औषध म्हणून).
वरच्या मजल्यावरच्या ताबाकोवाबाई जिन्यात भेटल्या. पियानो शिकवतात. म्हणाल्या, तुमच्या वर मी, खाली हिन्कोव, डावी-उजवीकडे शेजारी, आम्ही पैसे मोजून घरं तापवायची आणि मधे तुम्ही फुकट शेकायचं, आयत्या बिळावर नागोबा! जळतात. दुसरं काय.

१ डिसेंबर
पहिली बिलं आली. लोकांचे डोळे पांढरे. ताबडतोब जिन्यात मीटिंग बोलावली. म्हटलं, बोलण्यापेक्षा बघा. सगळ्यांना घरात आणलं. खटके शून्यावर, आणि घरमालक बनियनवर! लोकांनी भिंतींना हात लावून पाहिलं. थक्क झाले. खालचा हिन्कोव (माजी रेल्वे गार्ड, रडका माणूस) तिथल्या तिथे म्हणाला, उद्यापासून मीही बंद. टाळ्या.

९ डिसेंबर
हिन्कोव बंद. डावीकडचे बंद. चळवळ पेटली! पाय जरा गार पडतात. फरशी जुनी झाली असणार. मोज्यांवर मोजे.

१८ डिसेंबर
उजवीकडचेही चळवळीत आले. थर्मामीटर बिघडला, चौदा दाखवतो. नवा आणला. तोही बिघडलेलाच. सगळं खाजगी केलंय ना, माल असाच निघणार.

२५ डिसेंबर
सरकार नमलं नाही. मी ख्रिसमस म्हणालो होतो तो जुन्या पंचांगाचा, ७ जानेवारीचा. पावलिनाला समजावून सांगितलं. ती ओव्हरकोट घालून बनित्साच्या पोळ्या लाटत होती.

२ जानेवारी २००१
अख्ख्या जिन्यात आता खटके चालू एकट्या ताबाकोवाबाईंचे. गारठ्याने पियानोच्या तारा उतरतात म्हणे. मी चारचौघांत त्यांना फितूर म्हणालो. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.
पावलिना रोज दुपारी पियानो ऐकायला त्यांच्याकडे जाते. हिला संगीताची आवड कधीपासून? जाताना शालसुद्धा घेत नाही.

८ जानेवारी
बाल्कनीत आंबट कोबीचं पिंप गोठायला लागलं, म्हणून आत बैठकीत आणलं. पावलिना म्हणाली, कोबीला हवी तशी हवा आहे बाई इथे, घरात एकाची तरी सोय झाली. टोमणा होता. सरकारचा अजून पत्ता नाही.

११ जानेवारी
मध्यरात्री ही खटक्याशी खुडबुड करताना सापडली. फितुरी घरापर्यंत आली! सकाळी भंगारवाल्याला बोलावून सगळे रेडिएटर विकून टाकले. परतीचे दोर कापल्याशिवाय लढाई जिंकता येत नाही. हिने अबोला धरलाय.

१९ जानेवारी
ताबाकोवाबाई गेल्या! प्लोव्दिवला, बहिणीकडे. जाताना म्हणाल्या, चहूबाजूंनी तुम्ही माझी ऊब पिताय, मी एकटीने कुणाकुणाला पोसू? जिन्यात एकही खटका चालू नाही. संपूर्ण विजय.
अक्षर वाईट येतंय. हातमोजे घालून लिहितो आहे.

२७ जानेवारी
नातू!! साडेतीन किलो. हिन्कोवला राकिया पाजली. म्हणाला, मेतोदी, माझ्या नळाचं पाणी गोठलं रे. आनंदाच्या दिवशीसुद्धा रडगाणं.

३१ जानेवारी
रालित्सा दवाखान्यातून थेट आली. सोबत जावई, जावयाच्या हातात दुपटं. मी दारात स्वागताला भाकरी-मध घेऊन उभा. तिने आत पाऊल टाकलं आणि दुपट्याचं टोक बाजूला केलं. बाळाच्या तोंडातून एवढीशी वाफ निघाली. मग आणखी एकदा.
बाबा, एवढंच म्हणाली. दुपटं झाकलं आणि जिना उतरायला लागली. सासरी निघाली. पावलिनाची पिशवी भरलेलीच होती, तीही मागोमाग. मी कठड्यावरून ओरडून सांगितलं, मार्चपर्यंत सरकार नक्की नमतंय. कुणी वर पाहिलं नाही.
बैठकीत पिंपाशेजारी बसलो. फार वाईट वाटलं.

५ फेब्रुवारी
तत्त्व म्हणजे तत्त्व. कोबी. राकिया. कोबी.

११ फेब्रुवारी, व्याह्यांच्या घरून
फक्त पाहणीसाठी आलो आहे. व्याही बोझिदार दारातच म्हणाला, या या, क्रांती संपली की सुट्टीवर आलात? दुर्लक्ष केलं. नातवाचं नावही बोझिदारच ठेवलंय, आपल्या रीतीप्रमाणे बापाच्या बापाचं. ठीक आहे. मेतोदी तसंही जड नाव.
यांचा खटका पाचवर. सावकारांच्या दराने! शरम वाटायला हवी, असं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात रालित्साने बाळ माझ्या पोटावर ठेवलं. छोटा बोझिदार लगेच झोपला. तापलेल्या भाकरीसारखा. नाकावर घामाचा एक थेंब.
व्याही बिल हातात धरून उसासे टाकत होता. म्हणाला, व्याही, दरातले जाणकार तुम्ही, सांगा, तीनवर आणू का?
मी म्हटलं, हळू बोला, उठेल तो. पाचवरच राहू द्या. अर्धं मी भरतो.