पुंजादादांचा पहारा

इंदिरानगर, नाशिक
१३ एप्रिल १९९८

चि. ललित यास नवसाआत्याचे आशीर्वाद. वि. वि.

बुधवार, आठ एप्रिल, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. ही वेळ मंडपातल्याच घड्याळात पाहिली आहे. आत्याला आता भास होतात, असं तू म्हणण्याआधी सांगून ठेवते.

सप्ताहासाठी विंचूरच्या जुन्या घरी उतरले, तर कर्णा माझ्या खाटेच्या डोक्यावरच बांधला होतात. आवाज जरा कमी करा, एवढं सांगायला मी मंडपात आले, तर आत चिटपाखरू नाही. माईकपुढे टेपरेकॉर्डर, आणि तुमचा अखंड हरिनाम सप्ताह त्यातल्या कॅसेटवर चाललेला. मध्येच कॅसेटमधल्याच एका बाईने लाडिक आवाजात दुसरी बाजू लावायला सांगितलं, तेही विंचूरकरांनी हात जोडून ऐकलं असेल. वीणा पाहुण्यांसाठी आणलेल्या सोफ्यावर आडवी पडली होती.

मी सिस्टरांच्या शाळेत वाढलेली, देवही फारसा मानत नाही. पण तुझ्या आजोबांकडून एक नियम कळला होता. सात दिवस, रात्रंदिवस, पहाऱ्याच्या पाळीने वीणा कुणाच्या तरी गळ्यात असायची. एकाने उतरवून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. ती खाली ठेवली की सप्ताह मोडला.

शनिवारी काल्याच्या कीर्तनानंतर तू माईक घेतलास आणि साऱ्या गावासमोर सांगितलंस की पुंजादादांनी पहारा सोडला, सप्ताहाला डाग लागला, यापुढे त्यांनी वीणेला हात लावू नये. पुंजादादा आपल्या मळ्याशेजारी भाजी पिकवतात. मी परकरात होते तेव्हापासून दुपारचा पहारा त्यांचा. त्या माणसाला एवढं एकच वेड. ते खांबाला धरून उभे होते. मी उठायला लागले तर माझ्याकडे बघून त्यांनी नकारार्थी मान हलवली, म्हणून बसले. आता मात्र बसवत नाही.

त्या दुपारी तुझे साहेब जेवायला आले होते आणि जूनमध्ये बाजार समितीची निवडणूक आहे, हेही मला ठाऊक आहे. नेमकं काय झालं ते कळव. सृष्टीला गोड पापा. तुझ्यावर लोभ आहे. वाढवायचा की नाही, ते उत्तर वाचून ठरवीन.

नवसाआत्या

विंचूर
१८ एप्रिल १९९८

ती. आत्यास ललितचा शि. सा. नमस्कार.

आपलं पत्र पावलं. माउलींच्या कृपेने इकडे सर्व क्षेम. आपण एवढ्या उन्हात मंडपापर्यंत गेलात, तब्येतीला जपावं. मी गाडी पाठवली असती.

आत्या, आपण शहरात राहता, खेड्यातलं देवाधर्माचं काम कसं चालतं याची आपल्याला कल्पना नाही. बारा ते तीन पहारा पुंजाबाबांचा. त्या वेळात जे झालं ती जबाबदारी त्यांचीच. वय झालं आहे, डोळा लागत असेल. मला का आनंद झाला बोलताना? पण देवाच्या दारात आपला-परका करता येत नाही. गावाने माझं कौतुकच केलं. बाबाही समजूतदार आहेत, मजेत आहेत, रोज रामराम होतो.

माझी श्रद्धा आपण जाणताच. साहेब आले तेव्हा मी स्वतः पुंजाबाबांकडून वीणा मागून घेतली आणि गळ्यात घालून सेवा केली. साहेबांनी पाठ थोपटली, फोटो पेपरात आला आहे, कात्रण सोबत जोडतो. मग लगेच पाहुण्यांना घेऊन घरी जेवायला आलो. तेवढ्यात मागे हा प्रकार झाला. ईश्वरी इच्छा!

कॅसेटचं म्हणाल तर नाम कुठूनही आलं तरी नामच. निवडणुकीसाठी आपला आशीर्वाद असावा. माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
ललित

विंचूर
१९ एप्रिल १९९८

ती. आत्याबाईंना छायाचा नमस्कार.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. सृष्टीच्या शाळेच्या वाटेवर टाकीन. आपलं पत्र यांनी मला वाचायला दिलं आणि आत्या जरा सटकल्या आहेत म्हणून हसले. मला हसू आलं नाही.

पुंजाबाबा मजेत नाहीत. देवळाकडे फिरकत नाहीत, भाजी घेऊन बाजारात बसत नाहीत. काल मी त्यांच्या बायकोकडे, कुसाबाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या की दुपारी बारा वाजले की म्हातारा आंघोळ करून दारात उभा राहतो आणि तीनपर्यंत खाली बसत नाही. कुणी बोलावलं नाही तरी.

मला एक गोष्ट राहून राहून खटकते. त्या बुधवारी पाहुण्यांची पंगत बसत होती तेव्हा बाबा मागच्या दाराने काकड्यांची पाटी घेऊन आले. मी म्हटलं, बाबा, तुमचा तर पहारा ना आता? तर म्हणाले, ललितभाऊंनी पाठवलं, तिकडं भाऊ हायेत. मी पाटी उतरवून घेतली. हे तर तोवर पाहुण्यांबरोबर घरी आले होते, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

परवा मी त्यांना गावात खरं सांगा म्हणून विनवलं. ते म्हणाले की चूक आपलीच, वीणा देणाऱ्याने गळा बघून द्यायला पाहिजे होती. मग उठून वाफ्यात गेले.

मी काय करू ते सुचत नाही. माझं नाव कुठे येऊ देऊ नका, आणि माझ्यावरची माया राहू द्या.

छाया

इंदिरानगर, नाशिक
२३ एप्रिल १९९८

चि. ललित यास आशीर्वाद, या वेळी जरा हात राखून.

तुझं पत्र चारदा वाचलं. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, दिवसभर कानात लोकांचं बोलणं. माणूस खोटं बोलायला लागला की आधी तब्येतीची चौकशी करतो, हे तिथे शिकले.

फोटो छान आला आहे. वीणा उलटी धरली आहेस. पण ते राहू दे.

तू लिहितोस की वीणा तू पुंजादादांकडून मागून घेतलीस. तू लिहितोस की मग लगेच पाहुण्यांना घेऊन घरी आलास. मधलं एक वाक्य तुझ्या पत्रात नाही. तुला ते सुचलंही नाही, कारण नियम तुला ठाऊकच नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याचा पहारा. तू ती गळ्यात घातलीस त्या क्षणी पुंजादादांचा पहारा संपला आणि तुझा सुरू झाला. आणि ते तर तेव्हा काकड्या आणायला गेले होते. तुझ्याच पंगतीसाठी, तूच पाठवलं म्हणून. मला हे कुठून कळलं ते विचारत बसू नकोस. पंगतीला शंभर माणसं होती आणि शंभरांना डोळे होते.

देव आहे की नाही, याचा माझा निकाल अजून लागलेला नाही. पुंजादादांचा लागलेला आहे. तुझ्यासारख्यावर विश्वास टाकला म्हणून ते स्वतःलाच शिक्षा देत उन्हात उभे राहतात, आणि तू आपला डाग त्यांच्या नावाला पुसून स्वतःचा फोटो छापतोस. सिस्टर आम्हाला सांगायच्या, खोटं बोलायचंच असेल तर निदान हात जोडून बोलू नका.

माझा प्रश्न एकच. वीणा तू कुणाच्या गळ्यात घातलीस? नाव लिही. कुणाच्याच नसेल, तर तसं लिही आणि खाली सही कर. तो कागद घेऊन पुंजादादांच्या दारात जायचं, आणि ज्या माईकवरून बोललास त्याच माईकवरून परत बोलायचं, हे तुला मी शिकवायला नको.

लेखी उत्तर तीस एप्रिलच्या दुपारच्या टपालाने माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन करू नकोस, गाडी पाठवू नकोस. उत्तर आलं नाही तर एक मेला सकाळच्या एसटीने मी विंचूरला येते. झेंडावंदनानंतर ग्रामसभेत तू बोलायला उभा राहशील, तेव्हा हाच प्रश्न मी समोरून विचारीन.

नवसाआत्या